रोजनिशी : वहीतली आणि पडद्यावरची

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने या वेळी बजावले होते, की वैद्यकीय विषय नको. सभासदांना घरी उपयोगी पडेल असे काही लिहा. मधुमेह किंवा गुडघेदुखी यांवर चार पाने लिहून देणे मला सोपे गेले असते. परंतु गेल्या वर्षभरात आपल्या मंडळातील तीन ज्येष्ठ सभासदांनी मला एकच प्रश्न विचारला होता, तो मनात घोळत होता. निवृत्तीनंतर रोजनिशी लिहायचे ठरविले आहे, हात थरथरतो म्हणून मोबाइलवर लिहावी म्हणतो, तर कोणते ॲप घ्यावे? तिघांनाही मी घाईत एकेक नाव सांगून मोकळा झालो. त्या घाईचे परिमार्जन म्हणून हा लेख.

या विषयात माझा अधिकार तंत्रज्ञाचा नाही. नुकसान सोसलेल्या माणसाचा आहे, आणि ते नुकसान दोनदा झाले आहे.

माझ्या वडिलांनी १९५८ साली येथे इंदुरात, रामबागेत, दवाखाना थाटला. तेव्हापासून १९९६ पर्यंत ते रोज रात्री जेवणानंतर आठ-दहा ओळी लिहीत. वह्या अर्थातच विकतच्या नव्हत्या. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी नववर्षाला ज्या रेक्झिनच्या बांधणीच्या डायऱ्या देत, त्याच. मजकूर मराठी, औषधांची नावे रोमन लिपीत, आणि डॉक्टरांच्या अक्षराविषयी जे बोलले जाते ते सर्व तेथे लागू. दोन वर्षांच्या वह्या वाळवीने खाल्ल्या. एका पावसाळ्यात गच्ची गळून १९७१ च्या वहीची शाई फुटली. बाकीच्या आजही वाचता येतात. कपाट उघडायचे, वही काढायची, दिवा लावायचा. यापलीकडे काही सामग्री लागत नाही.

मी मात्र आधुनिक. १९९९ साली संगणक घेतला आणि रोजनिशी त्यावर लिहू लागलो. त्या काळी मराठीसाठी निरनिराळे फॉन्ट प्रचलित होते. श्री-लिपी, आकृती, शिवाजी, किरण ही नावे, ज्यांनी आपल्या स्मरणिकेची मुद्रिते तपासली आहेत त्यांना आठवतील. मी त्यांतलाच एक कोणाकडून तरी मिळविला आणि २००६ पर्यंत सात वर्षे लिहिले. पुढे २०१५ साली नव्या संगणकावर त्या फाइली उघडल्या, तर पडद्यावर रोमन अक्षरे, स्वल्पविराम, कंस आणि उद्गारचिन्हे यांचा निरर्थक गोंधळ. एकही मराठी शब्द नाही.

असे का व्हावे, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण आपल्या पिढीतील असंख्य मराठी माणसांच्या घरी अशा मुक्या झालेल्या फाइली पडून आहेत. संगणक अक्षरे साठवीत नाही, आकडे साठवितो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, हे कोणी तरी ठरवून द्यावे लागते. जुन्या मराठी फॉन्टांनी रोमन अक्षरांसाठी राखलेल्या आकड्यांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसविली होती. फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरांची ओळच असे. ती मराठी दिसे ती केवळ फॉन्टच्या मुखवट्यामुळे. शिवाय प्रत्येक फॉन्टची जागावाटणी निराळी. एकाचा 'क' तो दुसऱ्याचा 'भ'. फॉन्ट हरवला की मजकूर जागच्या जागी राहतो, पण बोलत नाही. पक्षाघातानंतर वाचा गेलेला रुग्ण पाहताना आपल्याला जे वाटते, ते मला त्या दिवशी वाटले : आत सर्व काही आहे आणि बाहेर काहीच येत नाही.

यावरचा उपाय खरे तर तेव्हाही अस्तित्वात होता. जगातील सर्व लिप्यांना कायमचे, सर्वमान्य आकडे देणारी युनिकोड ही व्यवस्था १९९१ साली आली आणि पहिल्या आवृत्तीपासून तीत देवनागरी होती. तिची मांडणी आपल्याकडील 'इस्की' या भारतीय मानकावरूनच घेतलेली आहे. विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा युनिकोड फॉन्टही घरोघरी आला. पण आम्हाला ते कळेपर्यंत आणखी बरीच वर्षे गेली. छपाईच्या व्यवसायात तर जुने फॉन्ट अजूनही पुरते गेलेले नाहीत. माझ्या बाबतीत याच गोष्टीने हात दिला. आमच्या ओळखीच्या एका मुद्रकाकडे तो जुना फॉन्ट असलेला संगणक तसाच चालू होता. त्यावर फाइली उघडल्या, फॉन्ट ओळखला, परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणल्या. परिवर्तक ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर ढकलतो, रफार भलत्याच ठिकाणी नेतो आणि जोडाक्षरे फोडतो. ती दुरुस्ती करण्यात दोन दिवाळ्यांच्या सुट्या गेल्या. सात वर्षे परत मिळाली. हे पहिले नुकसान. ते भरून निघाले.

दुसरे भरून निघाले नाही. २०११ साली मी रोजनिशीचे एक परदेशी ॲप घेतले. देखणे होते, रात्री नऊला आठवण करून देई, छायाचित्र लावू देई. २०१३ मध्ये आईला स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. पुढील अकरा महिने मी त्यात रोज लिहिले. केसपेपरवर जे लिहितो ते नव्हे. ती काय खायला मागे, कोणाची चौकशी करी, रात्री झोप नसली की माहेरच्या कोणत्या गोष्टी काढी. मॉर्फीनची मात्रा वाढविण्याचा निर्णय दुसऱ्या कोणाच्या आईच्या बाबतीत मी तासाभरात घेतला असता, तो घ्यायला मी किती दिवस लावले, हे सर्व त्यात होते. ती गेल्यावर तीन वर्षे ते उघडण्याचे धैर्य झाले नाही. २०१७ साली नव्या मोबाइलवर उघडायला गेलो, तर कंपनी विकली गेलेली आणि सेवा बंद झालेली. मजकूर काढून घेण्यासाठी त्यांनी रीतसर मुदत दिली होती; त्याची सूचना माझ्या ज्या ई-मेलवर गेली तो पत्ता मी नोकरी सोडताना मागे ठेवून आलो होतो. कंपनीने फसविले असे मी म्हणणार नाही. आठवेल तेवढे मी नंतर वहीत लिहून काढले. अकरा महिन्यांची सतरा पाने झाली.

म्हणून 'कोणते ॲप चांगले' या प्रश्नाआधी मी आता दुसरा प्रश्न विचारतो : यातून बाहेर कसे पडायचे? अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरण्याची विद्या अवगत होती. ॲपच्या जाहिराती आपल्याला तेवढीच विद्या शिकवितात.

कंपन्या वाईट असतात म्हणून हे सांगत नाही. त्या जन्मतात, विकल्या जातात, धोरण बदलतात, बंद पडतात, आणि आपली रोजनिशी त्यांच्यापेक्षा दीर्घायुषी असावी अशी आपली इच्छा असते. ओहलाइफ ही ई-मेलला उत्तर देऊन रोजनिशी लिहिण्याची सुरेख कल्पना होती. ती २०१० साली निघाली आणि २०१४ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला ऑर्कुट बंद झाले, ज्यावर आपल्या मुलांनी महाविद्यालयीन जीवनाची अर्धी अधिक आठवण ठेवली होती. एव्हरनोट ही टिपणवही २००८ पासून अनेक डॉक्टर वापरीत. ती बेंडिंग स्पून्स या इटालियन कंपनीने घेतल्याचे नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झाले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये विनामूल्य वापरणाऱ्यांवर एक वही व पन्नास टिपणे अशी मर्यादा आली. आज रोजनिशीच्या ॲपांमध्ये ज्याचे नाव प्रथम घेतले जाते ते डे वन २०११ सालचे. तेही २०२१ मध्ये वर्डप्रेसशी संबंधित ऑटोमॅटिक कंपनीकडे गेले. त्यात काही बिघडले असे नव्हे. पण ज्याच्याकडे आपण ठेव ठेवली तो आणि आज जो सांभाळतो आहे तो, हे एक नाहीत, एवढे लक्षात असावे.

मोठ्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. इंग्लंडमध्ये १०८६ साली राजाज्ञेने केलेली जमिनीची पाहणी डूम्सडे बुक म्हणून प्रसिद्ध आहे. तिला नऊशे वर्षे झाली तेव्हा, १९८६ साली, बीबीसीने शाळाशाळांतून लोकांकडून लेख आणि छायाचित्रे गोळा करून नवे डूम्सडे तयार केले आणि ते त्या काळच्या अत्याधुनिक लेसर तबकड्यांवर साठविले. पंधरा-सोळा वर्षांतच त्या तबकड्या वाचू शकणारी यंत्रे दुर्मीळ झाली. २००२ साली लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांना जुन्या यंत्राची संगणकीय नक्कल बनवून तो मजकूर बाहेर काढावा लागला. कातड्यावर लिहिलेले १०८६ चे पुस्तक त्याही वेळी वाचता येत होते. फक्त लॅटिन येणे आवश्यक.

आपल्याकडे पाहिले तर पेशवे दफ्तरातील लक्षावधी कागद सुरक्षित आहेत, पण मोडी वाचणारे थोडे. कागद टिकणे आणि वाचता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. माझ्या मुक्या फाइलींचे दुखणे तेच होते.

आता निवडीकडे वळू. ॲप पसंत पडल्यावर पैसे भरण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. आठवडाभर त्यात लिहावे : एखादी लांब नोंद, एखादी छायाचित्रासह, एखादी मागील तारखेची. मग सेटिंगमध्ये जाऊन 'एक्स्पोर्ट' ही सोय शोधावी. ती सापडत नसेल तर ते ॲप कितीही देखणे असो, तेथेच निरोप घ्यावा. सापडली तर सर्व नोंदी बाहेर काढून त्या दुसऱ्याच संगणकावर, ते ॲप नसलेल्या, उघडून पाहाव्यात. तारखा आल्या का? छायाचित्रे आली का, आणि कोणते छायाचित्र कोणत्या नोंदीचे हे कळते का? मराठी मजकूर धड आहे का? या परीक्षेत 'वाङ्मय', 'ऱ्हास', 'कऱ्हाड', 'ज्ञानेश्वर', 'आर्द्र' असे शब्द मुद्दाम घालावेत. देवनागरीची गाडी घसरते ती अशाच वळणांवर.

बाहेर काय स्वरूपात मिळते यालाही महत्त्व आहे. सर्वांत दीर्घायुषी म्हणजे साधा मजकूर, ज्याच्या फाइलीच्या नावाअखेर टीएक्सटी असते. तो उघडायला कोणत्याही विशिष्ट कंपनीची गरज नाही. युनिकोडमध्ये असला म्हणजे झाले. मार्कडाउन हा २००४ पासूनचा प्रकार म्हणजे साधा मजकूरच, त्यात मथळे आणि ठळक अक्षरे दाखविण्यासाठी दोन-चार चिन्हे अधिक. एचटीएमएल कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडते. जेसन हा प्रकार माणसाने वाचण्यासाठी नसून एका ॲपमधून दुसऱ्यात स्थलांतरासाठी आहे. तो मिळत असेल तर जरूर घ्यावा, मात्र केवळ त्यावर विसंबू नये. पीडीएफबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे. ती डोळ्यांना उत्तम; छापील पानासारखी दिसते. परंतु देवनागरी पीडीएफमधून मजकूर उचलून दुसरीकडे चिकटविला तर पुष्कळदा काना-मात्रा इकडच्या तिकडे होतात, आणि शोधही नीट लागत नाही. म्हणून पीडीएफ पाहण्यासाठी व साधा मजकूर यंत्रासाठी, अशा दोन्ही ठेवाव्यात. पीडीएफ-ए नावाचा एक प्रकार खास दीर्घकालीन जतनासाठी २००५ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाला. त्यात फॉन्ट फाइलीच्या पोटातच ठेवणे सक्तीचे असते. लिबरऑफिस या विनामूल्य साधनातून ती करता येते. माझ्या १९९९ च्या फाइलींना हे भाग्य लाभले असते, तर त्या निदान वाचता तरी आल्या असत्या.

शोधाची एक गंमत मराठी लेखकांना ठाऊक असावी. 'ॲप' या शब्दातील पहिल्या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्यापूर्वी 'अ' लिहून त्यावर चंद्र देत असत. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते निराळे शब्द आहेत. जुन्या नोंदींत 'ॲस्पिरिन' शोधली आणि सापडली नाही, तर ती लिहिलीच नव्हती असे समजू नये. 'ऱ्य'मधला अर्धा 'र'ही असाच दोन प्रकारे टंकला जातो.

मराठीत बोलून लिहिण्याची सोय आता मोबाइलच्या कळफलकातच असते आणि ती कोणत्याही ॲपमध्ये चालते. हात थरथरणाऱ्यांना ती वरदान आहे. तेवढ्यासाठी विशिष्ट ॲप घेण्याचे कारण नाही. औषधांची नावे मात्र ती कशी ऐकेल याचा भरवसा नाही. एकदा वाचून पाहावे.

पैशांच्या बाबतीत, एकरकमी किंमत की वार्षिक वर्गणी, यापेक्षा वर्गणी थांबविल्यावर जुन्या नोंदी वाचता आणि बाहेर काढता येतात का, हे पाहावे. निवृत्त माणसाचे बँक कार्ड बदलते, वर्गणी आपोआप थांबते, आणि त्याला ते कळतही नाही.

मग मी कोणते सुचवितो? ज्यांना संगणकाची सवय आहे त्यांनी ऑब्सिडियनसारखे साधन पाहावे. २०२० साली आलेले हे साधन नोंदी आपल्याच संगणकावरील एका फोल्डरमध्ये साध्या मार्कडाउन फाइलींच्या रूपात ठेवते, त्यामुळे उद्या ते नाहीसे झाले तरी फाइली जागच्या हलत नाहीत. ज्यांना फोल्डर, फाइल यांचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी डे वन सुखाचे आहे. त्यातून साधा मजकूर, पीडीएफ आणि जेसन तिन्ही मिळतात. ॲपलने डिसेंबर २०२३ मध्ये आयफोनमध्ये 'जर्नल' हे ॲप दिले. ते सुबक आहे, पण ॲपलच्या उपकरणांपुरतेच, आणि उद्या मुलाने वाढदिवसाला अँड्रॉइड मोबाइल भेट दिला तर पंचाईत. माझी स्वतःची रोजनिशी आज साध्या मजकुराच्या फाइलींत आहे, एका महिन्याची एक. नाव देताना वर्ष आधी, मग महिना : २०२४-०८. अशाने त्या आपोआप क्रमाने लागतात. रंगीत पार्श्वभूमी नाही, रात्री नऊची आठवण नाही. सौभाग्यवती आठवण करून देते.

कुलूप आणि प्रती यांविषयी दोन गोष्टी. काही ॲप नोंदी अशा कुलूपबंद करतात की कंपनीलाही त्या वाचता येत नाहीत. डॉक्टरांनी हीच सोय पसंत करावी. मात्र अशा कुलपाची किल्ली हरवली तर कंपनीही काही करू शकत नाही. ती किल्ली कागदावर लिहून, घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी.

दुसरे म्हणजे, मोबाइलवर लिहिलेले संगणकावर आपोआप दिसते यालाच पुष्कळ जण जतन समजतात. ते तसे नाही. चुकून एकीकडे पुसले तर दुसरीकडेही तितक्याच तत्परतेने पुसले जाते. खरी प्रत ती, जी आपण बाहेर काढून वेगळी ठेवली आहे. तीन प्रती असाव्यात, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या घरी. लेक पुण्याला असेल तर तिच्याकडे. पेन ड्राइव्ह कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिला तर त्यातील विद्युत्भार हळूहळू क्षीण होतो. घरी लिहिलेल्या सीडीचा रंगथर उष्णतेने व प्रकाशाने खराब होतो. फ्लॉपी तर सोनीने २०११ पासून बनवायचीच सोडली. तेव्हा कोणतेही साधन 'कायमचे' मानू नये, दर चार-पाच वर्षांनी प्रत नव्या साधनावर घ्यावी.

मी हे काम लक्ष्मीपूजनाच्या दिवशी करतो. आपल्या सराफ्यात त्या संध्याकाळी चोपड्यांची पूजा होते, तेव्हा मीही वर्षाची चोपडी बांधतो. सर्व नोंदी काढायच्या, दुसऱ्या संगणकावर उघडून मधल्याच तीन-चार तारखा वाचायच्या, प्रती करायच्या आणि वर्षाचा मजकूर चांगल्या कागदावर लेसर छपाईने छापून शिवून घ्यायचा. बाइंडर दीडशे पानांच्या वहीला फारसे पैसे घेत नाही. ही छापील वही वडिलांच्या वह्यांशेजारी ठेवतो. नातू हसतो, हसू दे.

डॉक्टरांसाठी एक वेगळी सूचना. आपल्या रोजनिशीत रुग्ण येणारच, दिवसच त्यांच्यात गेलेला असतो. परंतु रोजनिशी म्हणजे वैद्यकीय अभिलेख नव्हे. आंतररुग्णांची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवावीत आणि मागणी आल्यास ७२ तासांत द्यावीत, हे वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत आहे. त्याची व्यवस्था निराळी असावी. रोजनिशीत रुग्णाचे नाव लिहू नये. आद्याक्षरेही नकोत. आपला मराठी समाज येथे एवढा घट्ट विणलेला आहे, की 'लोकमान्यनगरच्या निवृत्त शिक्षिका, दोन्ही मुले अमेरिकेत' एवढ्यावर कोणीही नाव सांगेल. एक्स-रे किंवा जखमेचे छायाचित्र घालण्याचा मोह टाळावा. फिल्मच्या कोपऱ्यात नाव असते आणि मोबाइलच्या छायाचित्राच्या पोटात बहुधा स्थळाची नोंदही. वडिलांनी हे पथ्य पाळले नव्हते. त्यांच्या वह्यांत नावे आहेत, आजार आहेत, आणि त्या घरांतील पुढच्या पिढ्या आजही माझ्याकडे येतात. म्हणून त्या वह्या मी अद्याप कोणालाही वाचायला दिलेल्या नाहीत आणि त्यांचे पुढे काय करावे, हे ठरलेले नाही.

शेवटी आपल्यामागे काय, हा प्रश्न. वडिलांच्या कपाटाला कुलूप नव्हते. माझ्या मोबाइलला आहे. गुगलमध्ये २०१३ पासून अशी सोय आहे, की आपण ठरविलेल्या मुदतीत, तीन ते अठरा महिन्यांत, खाते वापरले गेले नाही तर आपण नेमलेल्या व्यक्तींना त्यातील मजकूर मिळावा. ती आपण होऊन सुरू करावी लागते. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसून टाकण्याचे धोरण गुगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले, तेव्हा ही तजवीज लांबणीवर टाकू नये. ॲपलनेही डिसेंबर २०२१ पासून वारस नेमण्याची सोय दिली आहे. त्या वारसाला आपण दिलेली किल्ली आणि मृत्यूचा दाखला, दोन्ही लागतात. या दोन्ही गोष्टी करून, शिवाय एका पाकिटात कागदावर सर्व लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. ज्याला द्यायचे त्याच्याशी एकदा बोलावेही.

वरसईच्या विष्णुभट गोडशांचे 'माझा प्रवास' आपल्या भागाला विशेष जवळचे. महू, उज्जैन, ग्वाल्हेर, झाशी सर्व त्यात आहे. १८५७ च्या धामधुमीत पाहिलेले त्यांनी १८८३ च्या सुमारास लिहून काढले. चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ साली प्रसिद्ध केले, परंतु बरेच फेरफार करून. मूळ हस्तलिखित कोणी तरी जपून ठेवले, म्हणूनच १९६६ साली दत्तो वामन पोतदारांना मूळ संहिता छापता आली. आपण गोडसे भटजी नाही हे मला मान्य आहे. पण १९६० च्या सुमारास इंदुरात घरभेटीचे किती पैसे पडत, देवीची साथ कोणत्या मोहल्ल्यात होती, रात्री टांगा मिळत असे का, हे आता माझ्या वडिलांच्या वह्यांखेरीज मला कोठे सापडणार?

आणि सर्वच टिकावे असेही नाही. काही नोंदी आपल्यापुरत्याच असतात. त्या वेगळ्या ठेवून, कोणी वाचू नयेत असे स्पष्ट लिहून ठेवण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. मीही काही तशा ठेवल्या आहेत.

ज्या सभासदांकडे जुन्या फॉन्टमधील मराठी मजकूर पडून आहे त्यांनी तो पुसू नये. त्या वेळी कोणता फॉन्ट वापरला याची काही खूण सापडते का पाहावे : जुनी सीडी, छापील पान, टंकलेखकाचे नाव, काहीही. फाइलीची एक प्रत, मूळ नव्हे, पेन ड्राइव्हवर घेऊन मंडळाच्या मासिक सभेला यावे. सभा संपल्यावर चहानंतर मी तासभर थांबतो. उपरोक्त मुद्रकाचा तो संगणक अजून चालू आहे, मात्र तो आता वारंवार बंद पडतो. तेव्हा यायचे असेल त्यांनी या हिवाळ्यातच यावे.